हिरव्या पानाला नकार देणारा स्टुडिओ

विद्यापीठातील आमच्या शाश्वत विकास गटाचे बोधचिन्ह पणजीतील एका लहान डिझाइन स्टुडिओकडून करून घेतले. आता ते पत्रकांवर, कापडी पिशव्यांवर, भिंतींवर आणि मोबाइलच्या पडद्यावर वापरात आले आहे आणि एक पावसाळाही उलटून गेला आहे, त्यामुळे त्या सेवेविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. गोव्यातील बऱ्याच महाविद्यालयांत हल्ली असे गट स्थापन होत आहेत, प्रत्येकाला चिन्ह हवे असते, आणि ते कोणाकडून, किती खर्चात व कोणत्या अटींवर करून घ्यावे याची माहिती मराठीत फारशी कोठे सापडत नाही. उणिवाही मोकळेपणाने मांडायच्या असल्यामुळे स्टुडिओचे नाव देत नाही; मोजक्या माणसांचा, जुन्या घराच्या माडीवर चालणारा आणि एरवी मुख्यतः उपाहारगृहांची व होमस्टेंची कामे करणारा हा स्टुडिओ आहे, एवढे सांगणे पुरे.

स्टुडिओकडे जाण्यापूर्वी इतर मार्गांचाही विचार झाला होता. संकेतस्थळांवर मिळणारे तयार साचे स्वस्त असतात, परंतु तो साचा आपल्या एकट्याचा होत नाही; आपण निवडलेले पान उद्या एखाद्या रोपवाटिकेच्या फलकावर दिसले तर तक्रार करायला जागा नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही विद्यार्थ्यांनी चित्रे काढून आणली. ती दिसायला आकर्षक होती, पण त्यांतील देवनागरी अक्षरे मोडलेली होती आणि चित्र मोठे करताच कडा फाटत होत्या. तिसरा मार्ग स्पर्धेचा होता. स्पर्धेतून उत्तम चिन्ह मिळू शकते याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे: २०१४ साली स्वच्छ भारत अभियानासाठी निवडलेले गांधीजींच्या चष्म्याचे चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी अशाच खुल्या स्पर्धेत पाठवले होते. मात्र देशभरातून प्रवेशिका येणे आणि एका परिसरातील विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या तोंडावर फुकट राबणे यांत फरक आहे, शिवाय स्पर्धेत चिन्हावर नंतर करायच्या संस्कारांची जबाबदारी कोणाचीच नसते. म्हणून रीतसर तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. हा स्टुडिओ त्यांत सर्वांत स्वस्त नव्हता, पण दर सांगण्याआधी प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

ते प्रश्न मला या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वाटतात. तुम्हाला कोणता रंग आवडतो, आधुनिक हवे की पारंपरिक, असली नेहमीची प्रश्नावली त्यात नव्हती. चिन्ह सर्वांत लहान कोठे छापले जाईल, भिंतीवर ते रंगारी काढणार की छापील चिकटपट्टी लागणार, पत्रके छापखान्यातून येणार की विभागातल्या झेरॉक्स यंत्रावर निघणार, विद्यापीठाच्या मुद्रेशेजारी ते बसवावे लागेल का, आणि आजचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर मूळ फाइल कोणाच्या ताब्यात राहणार, असे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. विद्यार्थ्यांच्या गटांत दर दोन वर्षांनी माणसे बदलतात, फाइल कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहते, आणि मग पुढची फळी जुन्या पत्रकावरून चिन्हाचा फोटो काढून तोच धुरकट फोटो वापरत राहते. हा अनुभव ज्यांना आहे त्यांना त्या प्रश्नाची किंमत कळेल.

गटातील सदस्य अर्थातच आपापल्या कल्पना घेऊन बसले होते. कोणाला ओंजळीतले रोप हवे होते, कोणाला पानाची वात असलेला दिवा, कोणाला पृथ्वीचा गोल, तर एकाला पुनर्वापराचे तीन बाण. डिझाइनरने वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला त्याने एक मोठा कागद आणला, ज्यावर देशभरातील पर्यावरणविषयक संस्था, विद्यापीठांतील हरित गट, सौर उपकरणांचे विक्रेते आणि सेंद्रिय साबणाचे उत्पादक यांची चिन्हे एकाच आकारात, काळ्या रंगात, नावे झाकून छापली होती. त्यांतील शैक्षणिक संस्था ओळखा, असे त्याने सांगितले. बराच वेळ कागद हातोहात फिरला, अंदाज झाले, आणि ज्या चिन्हावर सर्वांचे एकमत झाले ते साबणाचे निघाले. त्यानंतर पानाचा आग्रह कोणी धरला नाही.

तीन बाणांबद्दल त्याने दिलेले उत्तरही पटण्यासारखे होते. ते चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्याने एका कागद-पुठ्ठा कंपनीने घेतलेल्या स्पर्धेसाठी काढले. मोबियस पट्टीची, म्हणजे एक पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीची, ती दुमडलेली वळणे पुढे जगभर इतकी रुजली की आज ते एका विशिष्ट क्रियेचे सर्वमान्य चिन्ह झाले आहे. जे सर्वांचे झाले ते आपल्या गटाची ओळख कसे ठरणार, हा त्याचा प्रश्न होता. कचऱ्याच्या डब्यावर ते बाण असावेतच. गटाच्या पत्राच्या माथ्यावर ते असले की वाचणाऱ्याला हा गट फक्त भंगार गोळा करतो असे वाटते. आम्ही वर्गीकरण, कँटीनच्या ओल्या कचऱ्याचे खत, विजेच्या वापराची मोजणी आणि गावोगावच्या अभ्यासफेऱ्या असे बरेच काही करत असल्यामुळे हा आक्षेप योग्यच होता.

यानंतर त्याने माड काढून पाहिला. गोव्यात या झाडाला अलीकडच्या काळातला एक वेगळा इतिहासही आहे: २०१६ साली कायद्यातील दुरुस्तीने माड वृक्षांच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये तो पुन्हा आत घेऊन त्याला राज्यवृक्षाचा मान देण्यात आला. पर्यावरणाच्या गटाला हा संदर्भ शोभला असता. रेखाटनही सुबक होते. झावळ्यांच्या जागी त्याने पुस्तकाची पाने सुचवली होती. पण कागदावर माड उमटला की गोव्यात तो ताबडतोब पर्यटकाचा होतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकच्या मेन्यूकार्डावर, टी-शर्टावर आणि टॅक्सीच्या काचेवर तो आधीच उभा आहे. हे रेखाटन बाजूला ठेवण्याचा सल्ला खुद्द स्टुडिओनेच दिला, आणि स्वतःच्या चांगल्या कामाला बाजूला सारणारा व्यावसायिक क्वचित भेटतो म्हणून त्याची नोंद करावीशी वाटते.

शेवटी जे चिन्ह ठरले ते मानशीचे. खाजन शेती ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे खारे पाणी फार आतपर्यंत येते, आणि त्या पाण्यापासून सखल जमीन वाचवण्यासाठी पूर्वजांनी चिखलाचे व चिऱ्यांचे बांध घालून शेते तयार केली. या बांधांत ठरावीक ठिकाणी लाकडी झडपांची दारे बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. त्यांना हाताने उघडण्या-मिटण्याची गरज पडत नाही: भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडपा मिटतात आणि खारे पाणी बाहेर अडते, ओहोटी लागून बाहेरची पातळी खाली गेली की शेतातले साचलेले पाणी आतून रेटा देऊन त्याच झडपा उघडते. त्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात, आत खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते, आणि बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची असते. बांध फुटला किंवा मानशीकडे दुर्लक्ष झाले की शेत नापीक होऊन तेथे खारफुटी माजते, हेही गोव्याने पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. विजेविना, इंजिनाविना, समुद्राच्याच बळावर चालणारी आणि माणसांनी एकत्र राहून सांभाळली तरच टिकणारी ही रचना शाश्वततेच्या गटाला जितकी लागू पडते तितके दुसरे काही मला तरी सुचत नाही.

ही कल्पना दिवाडीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने बोलता बोलता मांडली होती आणि आम्ही तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. डिझाइनरने मात्र ती टिपून ठेवली आणि मानस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रेघ ओढणार नाही असे सांगितले. आमच्याबरोबर तो बांधावर आला, ओहोटीपासून भरती चढेपर्यंत तेथे बसून राहिला, आणि फोटो काढण्याऐवजी वहीत मापे घेत बसला. पाण्याने काळपट झालेल्या फळ्या, त्यांच्या खालच्या भागावर चिकटलेली शिंपल्यांची खरबरीत पुटे, दोन खांबांच्या खाचांत फिरणारी झडप, आणि पाणी वळताना ती झडप क्षणभर डगमगून मग घट्ट बसताना होणारा लाकडाचा जड आवाज, हे सारे त्याच्या वहीत शब्दांत आणि रेघांत आले. या फेरीचे वेगळे पैसे त्याने लावले नाहीत. ज्या स्टुडिओत बसल्या जागी दहा नमुने देण्याचे आश्वासन मिळते त्यांच्या तुलनेत हा एक नमुना मला अधिक भरवशाचा वाटला.

तयार झालेले चिन्ह साधे आहे. दोन उभे खांब, त्यांवर एक आडवी तुळई, मधोमध किंचित उघडलेल्या दोन झडपा, आणि खाली पाण्याच्या तीन रेघा, ज्या डावीकडे लाटेसारख्या वळतात व झडपांमधून आत येताच सरळ होऊन भाताच्या सऱ्यांसारख्या दिसू लागतात. दुरून पाहिले तर ते उघडे दारही वाटते आणि पालथे ठेवलेले उघडे पुस्तकही. पुस्तकाचा भास जाणूनबुजून ठेवला आहे की आपोआप आला, असे विचारल्यावर डिझाइनर हसला आणि आपोआप आलेल्या गोष्टींचेही बिल लावतो असे म्हणाला. गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की दिल्लीच्या माणसाला यातली मानस ओळखता येणार नाही. मला तो आक्षेप गौण वाटतो. जागतिक वन्यजीव निधीचा पांडा १९६१ पासून वापरात आहे, त्या संस्थेच्या कामाचे जंगल, समुद्र, नद्या यांपैकी काहीच त्यात दिसत नाही, आणि तरीही त्याचे काही अडले नाही. उलट काळ्या-पांढऱ्या रंगातला प्राणी निवडण्यामागे छपाईचा खर्च वाचवण्याचाही विचार होता, जो आमच्यासारख्या गटाने गिरवण्याजोगा आहे.

छपाईचा मुद्दा स्टुडिओने खरोखर गांभीर्याने घेतला. चिन्ह अंतिम करण्यापूर्वी त्याने आमच्याच विभागातील झेरॉक्स यंत्रावर त्याची प्रत काढली, त्या प्रतीची पुन्हा प्रत काढली, आणि असे चार-पाच पिढ्यांपर्यंत करून कोणती रेघ आधी मरते ते पाहिले. पाण्याची मधली रेघ तिसऱ्याच पिढीत तुटू लागली, म्हणून तिची जाडी वाढवली. भरीव वर्तुळातले रूप पडद्यावर उठून दिसते, परंतु पत्रावर छापताना टोनर उगाच खाते. म्हणून रोजच्या पत्रव्यवहारासाठी केवळ रेघांचे रूप आणि समाजमाध्यमांवरील गोल चौकटीसाठी भरीव रूप अशी विभागणी करून दिली. शाश्वततेचा प्रचार करणाऱ्या गटाने स्वतःच्या चिन्हावर शाई उधळू नये, हे आम्ही सांगण्याआधी त्याने सांगितले.

रंगांच्या बाबतीत थोडी ओढाताण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांचे सतरा रंगांचे चक्र आपल्या चिन्हात कोठेतरी असावे, अशी गटातील काहींची इच्छा होती. २०१५ मध्ये स्वीकारलेली ती ध्येये आमच्या अहवालांत येतातच, पण त्या चक्रात फेरफार करून ते दुसऱ्या चिन्हात मिसळण्यास संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचना परवानगी देत नाहीत. ते वापरायचे तर वेगळे, जसेच्या तसे आणि आपण त्या ध्येयांना पाठिंबा देतो एवढ्याच अर्थाने वापरायचे असते. शिवाय सतरा रंगांचे चिन्ह एका रंगात छापले की त्याचा नुसता राखाडी गोळा होतो. शेवटी खाडीच्या पाण्याचा गडद शेवाळी आणि चिऱ्याचा तांबडा असे दोन रंग ठरले. पहिल्या मसुद्यात या दोन्ही रंगांची गडदता सारखीच होती, त्यामुळे करड्या छपाईत ते एकमेकांत मिसळत आणि लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या व्यक्तीलाही तेच झाले असते. स्टुडिओने करडी प्रत स्वतःहून समोर ठेवली आणि तांबडा एक पायरी उजळ केला.

आता तक्रारी. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तक्रार देवनागरी अक्षरांची आहे. ज्या स्टुडिओने मानशीसाठी बांधावर तासन् तास घालवले, त्याने चिन्हाखालच्या नावाला मात्र सुरुवातीला सावत्र वागणूक दिली. रोमन अक्षरांसाठी तीन पर्याय बारकाईने मांडले होते. देवनागरीसाठी संगणकात पडून असलेला एकच फाँट लावून काम भागवले होते. त्यात श गाठीचा होता, हिंदी वळणाचा; मराठी वाचकाच्या डोळ्याला मात्र देठाचा श आणि पाकळीचा ल यांची सवय असते. ‘शाश्वत विकास गट’ या तीनच शब्दांत श दोनदा येतो, त्यामुळे ही चूक लपण्यासारखी नव्हती. अनेक चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरे दिलेली असतात, मात्र सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नाही तर ती उमटत नाहीत. ही गोष्ट पणजीत, मराठी आणि कोकणी फलकांच्या गावात, डिझाइनरला ग्राहकाने सांगावी लागते हे काही बरे नाही. ‘विद्यापीठ’मधला द्य लहान आकारात काळा ठिपका होत होता, वेलांट्या शिरोरेषेला घासत होत्या, आणि ‘श्व’ हे जोडाक्षर दोन पावले फाकून उभे होते.

आक्षेप नोंदवल्यावर दुरुस्ती झाली, आणि चांगली झाली. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला मुक्ता हा फाँट आधार म्हणून घेतला. तो मुक्त परवान्याखाली मोफत उपलब्ध असल्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यांना पैसे भरावे लागणार नाहीत. त्यावर नावापुरती अक्षरे हाताने सुधारली, जोडाक्षरातली पोकळी वाढवली आणि शिरोरेषेची जाडी मानशीच्या आडव्या तुळईशी जुळवली. आता तुळई आणि शिरोरेषा एकाच हाताने ओढल्यासारख्या दिसतात. पण हे काम पहिल्या मसुद्यातच व्हायला हवे होते. दरपत्रकात दोनच फेऱ्यांच्या दुरुस्त्या धरलेल्या असतात आणि त्यांतली एक आमची यातच खर्ची पडली.

दुसरी तक्रार सादरीकरणाची. चिन्ह प्रत्यक्ष वापरात कसे दिसेल हे दाखवण्यासाठी स्टुडिओने गुळगुळीत चित्रांचा एक संच दिला, ज्यात आमचे चिन्ह वापरून फेकायच्या कॉफीच्या कपावर, प्लास्टिकच्या ओळखपत्रावर, फ्लेक्सच्या भव्य फलकावर आणि कोणत्यातरी परदेशी महानगरातल्या काचेच्या इमारतीवर झळकत होते. हे सर्व तयार साच्यांतून येते, सर्वच स्टुडिओ तसे करतात, आणि त्यात वाईट हेतू नसतो हे मान्य आहे. तरीही ज्या गटाने कँटीनमधून कागदी कप हद्दपार करण्याची मोहीम चालवली त्याच्यासमोर हे ठेवताना कोणीतरी एकदा पाहायला हवे होते. बैठकीत हशा पिकला, डिझाइनरही त्यात सामील झाला, पण कुलसचिवांसमोर ठेवायच्या सादरीकरणातून ती पाने आम्हाला स्वतः काढावी लागली.

तिसरी बाब कागदोपत्री आहे आणि ती प्रत्येक संस्थेने नीट समजून घ्यावी. स्टुडिओने पाठवलेल्या पहिल्या करारनाम्यात आम्हाला केवळ वापराचा परवाना दिला होता. चिन्हाचा कॉपीराइट स्टुडिओकडेच राहणार होता. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी झाले तरच ग्राह्य धरले जाते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणजे पैसे पूर्ण दिले, बिल फाइलला लावले आणि सर्व काही आपले झाले असे समजून चालणाऱ्या संस्थेला काही वर्षांनी अडचण येऊ शकते. आम्ही हस्तांतरण कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असल्याचे नमूद करून घेतले. स्टुडिओने खळखळ केली नाही, फक्त आपल्या कामांच्या संग्रहात चिन्ह दाखवण्याची मुभा मागितली, जी द्यायलाच हवी. व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायची असेल तर शिक्षणविषयक सेवांसाठी ४१ वा वर्ग लागतो आणि ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती व लहान उद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४५०० रुपये, इतरांना ९००० रुपये आहे. विद्यार्थी-गटाला ते करण्याची घाई नसावी, असे माझे मत आहे.

फाइलींचा संच चांगला मिळाला, पण मागावा लागला. सुरुवातीला फक्त पीएनजी आणि पीडीएफ आल्या. मूळ संपादनयोग्य एसव्हीजी फाइल, अक्षरांचे आकारांत रूपांतर केलेली प्रत, एकरंगी व उलट रंगाची रूपे आणि छपाईसाठीच्या रंगांची मूल्ये हे सर्व दरपत्रकात लिहिलेले होते, तरी आठवण केल्यावरच हाती पडले. एसव्हीजी मिळाल्यामुळे विद्यार्थ्यांना इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करता येते, हा मोठा लाभ आहे. सर्व फाइली आता गटाच्या सामाईक ईमेल खात्यावर आणि ग्रंथालयाच्या संगणकावर अशा दोन्ही ठिकाणी ठेवल्या आहेत.

चिन्हाची खरी परीक्षा म्हापशातल्या एका स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात झाली. जाड्याभरड्या सुती पिशवीवर शाई पसरते, आणि दोन झडपांमधली बारीक फट पहिल्याच नमुन्यात बुजून गेली. मानस मिटलेलीच दिसू लागली. छपाईवाल्याने जाळी बदलून पाहिली, फरक पडला नाही. फोन केल्यावर स्टुडिओने त्याच संध्याकाळी कापडासाठी वेगळे रूप करून पाठवले, ज्यात फट जवळजवळ दुप्पट रुंद आहे आणि पाण्याच्या तीनऐवजी दोनच रेघा आहेत, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. काम पोचते झाल्यावर मिळालेली ही तत्परता मला आधीच्या सर्व सादरीकरणांपेक्षा अधिक बोलकी वाटते. भिंतींसाठी दिलेले स्टेन्सिलचे रूपही असेच उपयोगी ठरले. स्टेन्सिलमध्ये आतला भाग सुटून पडू नये म्हणून जोडपट्ट्या ठेवाव्या लागतात. येथे त्या फळ्यांच्या सांध्यांच्या जागी इतक्या बेमालूम बसवल्या आहेत की त्या मुळातच चित्राचा भाग वाटतात. जुन्या पुठ्ठ्यातून कापलेले ते स्टेन्सिल आणि एक डबा रंग एवढ्यावर विद्यार्थ्यांनी खतखड्ड्यांच्या भिंती रंगवल्या, आणि फ्लेक्सचा एकही फलक छापावा लागला नाही.

खर्चाचे म्हणाल तर सर्व मिळून तीस हजारांच्या आत आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा आकडा आला. विद्यार्थ्यांच्या गटाला तो मोठा वाटेल, आणि केवळ एखाद्या महोत्सवापुरते चिन्ह हवे असेल तर एवढा खर्च करू नये असेच मी सांगेन. तेथे तयार साचाही चालतो. पण गट दहा-पंधरा वर्षे टिकावा अशी इच्छा असेल तर ही रक्कम एका वर्षाच्या फ्लेक्सच्या खर्चाशी ताडून पाहावी. पैसे तीन टप्प्यांत घेतले, पूर्ण आगाऊ रकमेचा हट्ट धरला नाही, हे सरकारी पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या संस्थांना सोयीचे आहे. वेळ मात्र ठरल्यापेक्षा बराच अधिक लागला. पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी उपाहारगृहांची कामे अंगावर येतात आणि तेव्हा विद्यापीठाचे काम मागे पडते, शिवाय चवथीच्या दिवसांत गोव्यात कोणाकडूनही काही होण्याची अपेक्षा धरू नये. जानेवारीनंतर काम दिले तर स्टुडिओचे लक्ष पूर्ण मिळते असे तेथल्याच एका सहायकाने सांगितले.

वापराची नियमपुस्तिका चांगली आहे: चिन्हाभोवती किती मोकळी जागा सोडावी, विद्यापीठाच्या मुद्रेपासून ते किती अंतरावर ठेवावे, किती मिलिमीटरच्या खाली अक्षरे गाळून नुसते चिन्ह वापरावे, हे सर्व आकृत्यांसह दिलेले आहे. परंतु ती फक्त इंग्रजीत आहे, आणि भिंत रंगवणारा रंगारी, पिशव्या शिवणारा बचत गट व पत्रके छापणारा छापखाना यांच्यापैकी कोणीही ती वाचत नाही. मराठी आवृत्ती देण्याचे स्टुडिओने मान्य केले आहे. तिचा मजकूर आम्ही लिहून दिला, पाने मांडून आली, आणि तपासताना दिसले की मथळ्यांमधला श पुन्हा गाठीचा झाला आहे. ती प्रत दुरुस्तीसाठी परत पाठवली आहे.